सकाळी एस, रात्री आर

माझं लग्न ठरलं तेव्हा पेठेतल्या आमच्या नातेवाइकांनी आईला विचारलं होतं, "मुलगा काय करतो?" आई म्हणाली, "खराडीला आयटीत आहे." हे खरंच होतं. फक्त त्या आयटीच्या काचेच्या इमारतीच्या कुंपणाला लागूनच मुलाच्या वडिलांचा गोठा आहे आणि त्यात पाच म्हशी नि दोन गाई आहेत, हे तिने साखरपुड्यापर्यंत कुणाला सांगितलं नाही. साखरपुड्याला मंडळी सासरी आली तेव्हा माझ्या काकूने नाकाला पदर लावून विचारलं, "हे काय, ऑफिसचं पार्किंग का?"

मला स्वतःला वासाचं काही वाटलं नाही. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या थुंकीत, लघवीत, जखमेच्या पुवात कोणते जंतू आहेत ते वाढवून बघायचे आणि ते कोणत्या औषधाने मरतात हे शोधायचं, हा माझा रोजचा धंदा. ज्या बाईचा दिवस असल्या डब्या उघडण्यात जातो तिला शेणाचं काय कौतुक! शिवाय नवरा घरून काम करत असला की त्याच्या मीटिंगमध्ये म्हैस हंबरायची आणि पलीकडचा अमेरिकन साहेब विचारायचा की हा कसला आवाज. नवरा म्हणायचा, "ट्रॅफिक." खराडीत राहणाऱ्याला हे उत्तर सहज खपून जातं.

आमच्या सासरी सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. पहिले काही महिने मला प्रत्येक वेळी मनात हिशेब करावा लागायचा की नक्की कोण कुणाचं कोण. मामा उंच, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की कुंपणापलीकडच्या ऑफिसात ऐकू जावा. शेतं गेली, त्यावर टॉवर उभे राहिले, पण सकाळी उठून करायचं काय या एका प्रश्नापायी त्यांनी जनावरं ठेवली. आत्या बारीक, तुरुतुरु चालणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. बोलल्या की मात्र समोरच्याला घाम फुटायचा. पेठेतल्या लोकांना वाटतं टोमणा ही आपलीच मक्तेदारी आहे. त्यांनी एकदा आत्यांसमोर दहा मिनिटं बसून बघावं.

दूध काढण्याचं काम आत्यांचं. घरात मशीन आणलं होतं, ते दोन गाईंना लावत. म्हशींना हातानेच पिळायचं, आणि त्यातही कपाळावर पांढरा चांद असलेली एक म्हैस आत्यांशिवाय कुणालाही पान्हा सोडायची नाही. आत्या जुन्या पद्धतीने धार काढायच्या. अंगठा दुमडून सडावर दाबायचा आणि बाकीच्या बोटांनी ओढायचं. या पद्धतीने धार जोरात पडते, पण वर्षानुवर्षं दाबून दाबून अंगठ्याच्या सांध्यावर घट्टा पडतो. आत्यांच्या उजव्या अंगठ्याचा घट्टा चिंचोक्याएवढा होता आणि थंडीत तो तडकायचा.

आता मामांच्या दवाखान्याविषयी सांगायला हवं. म्हशीची कास सुजून घट्ट झाली, दुधात गाठी आल्या, की त्याला दगडी झाली म्हणतात. दगडी झाली की सडातून आत औषध सोडायचं. त्यासाठी पिचकारीसारखी, लांब टोकाची प्लॅस्टिकची ट्यूब मिळते. जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं, त्यांनी बघून ठरवावं, ठरावीक दिवस औषध द्यावं, ही झाली रीत. पण मामांनी डॉक्टरांना इतक्या वेळा ट्यूब सोडताना पाहिलं होतं की मधला डॉक्टर त्यांना अनावश्यक वाटू लागला. बिस्किटांच्या पत्र्याच्या मोठ्या डब्यात सगळ्या तऱ्हेच्या ट्यूबा असायच्या. एकीने गुण आला नाही की दुसरी. कास जरा गरम लागली की एक सोडायची, सूज उतरली की बंद करायचं. शेजारच्या गावातले गोठेवाले मामांना सल्ला विचारायला यायचे आणि मामा डोळे मिटून म्हशीची कास चाचपत सांगायचे, "हिला निळ्या खोक्यातली लागंल."

ट्यूबच्या टोकाला जे थोडं उरायचं ते टाकायचं कशाला, म्हणून आत्या ते आपल्या अंगठ्याच्या भेगेला चोळायच्या. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा किंचाळलेच. आत्या म्हणाल्या, "एवड्या मोठ्या म्हशीला चालतं, मला न्हाय चालनार? मी काय तिच्यापेक्षा नाजूक हाय?"

आणि दूध. ट्यूब सोडली की त्या म्हशीचं दूध काही दिवस गिऱ्हाइकाला घालायचं नाही, हा आमच्या घरचा कडक नियम. मामा त्याबाबतीत फार सच्चे. सोसायटीतल्या लोकांची मुलं ते दूध पितात, त्यांच्या पोटात औषध जाता कामा नये, असं ते छाती ठोकून सांगायचे. मग त्या दुधाचं काय करायचे? लग्नानंतर चार महिन्यांनी मी हे विचारलं. तोवर या घरचा चहा इतका दाट आणि छान कसा होतो म्हणून मी माहेरी कौतुक करून आले होते. आत्या म्हणाल्या, "घरी वापरतो की. दूध काय वतून द्यायचं?"

म्हणजे लोकांची मुलं वाचवण्यासाठी आमचं अख्खं घर ट्यूबचं दूध पीत होतं, तेही मोठ्या प्रामाणिकपणे. मी त्या दिवशी उकळल्यावरही औषध पूर्ण जात नाही, थोडं थोडं औषध पोटात गेलं की जंतू शहाणे होतात, वगैरे बरंच बोलले. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "सूनबाई शिकलेली हाय." पुढे काही झालं नाही. मी माझ्यापुरता कोरा चहा सुरू केला आणि गप्प बसले. नव्या सुनेने किती बोलावं, असा विचार केला. रोज हजार लोकांच्या जंतूंची काळजी करणारी मी, घरात मात्र चांगलं म्हणवून घेण्यासाठी तोंड मिटून राहिले, याची मला आजही लाज वाटते.

मागच्या वर्षी थंडीत आत्यांची ती भेग चिघळली. त्यांनी कुणाला सांगितलं नाही. मला कळलं ते भाकरीवरून. आत्यांच्या भाकरीच्या कडा एकसारख्या असतात. त्या आठवड्यात त्या अंगठा वर ठेवून थापत होत्या आणि भाकऱ्यांचे नकाशे होत होते. मी हात ओढून पाहिला. अंगठा वांग्यासारखा सुजलेला, घट्ट्याच्या मधोमध पू. "आत्या, हे कधीपासून?"

"झाले धा-बारा दिस. बसंल आपोआप."

आपोआप बसलं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पाच दिवस. मग जास्त जोराच्या दिल्या, सात दिवस. सूज मनगटाकडे सरकली. मग आम्ही हाताच्या सर्जनकडे गेलो. शांत, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी एक्स-रे बघितला आणि आत्यांना बाहेर बसवून आम्हाला सांगितलं, की संसर्ग हाडाजवळ पोचला आहे. योग्य औषध लवकर लागू पडलं नाही तर अंगठ्याचं वरचं पेर काढावं लागेल. कदाचित पूर्ण अंगठाही. मग आत्यांना आत बोलावून त्यांनी जखमेतला पू कापसाच्या काडीवर घेतला आणि माझ्याच हातात दिला, कारण मी कुठे काम करते ते त्यांना माहीत होतं.

घरी येताना गाडीत आत्यांनी फक्त एवढं विचारलं, "चांदवालीला आज कोन पिळनार?"

दुसऱ्या दिवशी लॅबला जाताना मी गोठ्यात शिरले. चांदवाली तिथे उभी होती आणि तिची कास पुन्हा सुजली होती. त्या हिवाळ्यात तिला तिसऱ्यांदा दगडी झाली होती. मामांनी तिला एक ट्यूब सोडून पाहिली होती, दुसरी सोडायच्या बेतात होते. मी त्यांना थांबवलं, सड पुसून घेतले आणि स्वच्छ बाटलीत थोडं दूध धरलं. म्हणजे धरायचा प्रयत्न केला. म्हशीने मला एकदा लाथेचा नमुना दाखवल्यावर मामांनी धरून दिलं. "कशाला पायजे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बघते सहज."

आमच्या लॅबच्या मुख्य मॅडम या माझ्यापेक्षाही पक्क्या पेठेतल्या. म्हशीच्या दुधाची बाटली बघून त्या म्हणाल्या, "आता ताकही आणणार का तपासायला?" पण मी आत्यांची हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी चष्मा वर केला, बाटली घेतली आणि म्हणाल्या, "दोन्ही शेजारी शेजारी लाव."

जंतूंच्या तबकडीवर औषधं भिजवलेल्या कागदाच्या बारीक टिकल्या ठेवतात. औषधाने जंतू मरत असतील तर टिकलीभोवती स्वच्छ रिकामं रिंगण उमटतं. मरत नसतील तर जंतू थेट टिकलीला टेकेपर्यंत वाढतात. दोन दिवसांनी मी दोन्ही तबकड्या उजेडात धरल्या. अंगठ्याच्या तबकडीवर बारा टिकल्यांपैकी तीनच्याच भोवती रिंगण होतं. मग म्हशीच्या दुधाची पाहिली. जंतू तोच. त्याच तीन टिकल्यांभोवती रिंगण, त्याच नऊ टिकल्यांभोवती काही नाही. मॅडमनी दोन्ही तबकड्यांवरची एकेक टिकली ताडून पाहिली. "तंतोतंत तोच आहे हे शपथेवर सांगायला अजून तपासण्या लागतील," त्या म्हणाल्या, "पण मी तुझ्या जागी असते तर घरी जाऊन शपथ घेतली असती."

मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू. तीन औषधं तरी शिल्लक होती. मी अंगठ्याचा रिपोर्ट ताबडतोब घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला, म्हणजे नवऱ्याने तो सर्जनला दाखवावा. म्हशीचा मात्र टाकला नाही. तो मी पर्समध्ये ठेवला, कारण तो कसा सांगायचा हे मला सुचत नव्हतं.

तासाभराने आमच्या चौकातल्या औषधाच्या दुकानदाराचा फोन आला. त्याचा आवाज चमत्कारिक येत होता. "ताई, तुमचे सासरे आलेत. बारा औषधं मागतायत."

"बारा?"

"सकाळची तीन आणि रात्रीची नऊ, असं म्हणतायत. त्यातली पाच तर इंजेक्शनं आहेत. मी नाही म्हणतोय तर माझ्यावर ओरडतायत. जेवणाआधी का जेवणानंतर, तेही विचारतायत."

मला काही केल्या कळेना. मग एकदम लख्ख उजेड पडला. आमच्या चौकातला हा दुकानदार औषधाच्या पाकिटावर बॉलपेनने लिहून देतो: 'स' म्हणजे सकाळी, 'दु' म्हणजे दुपारी, 'रा' म्हणजे रात्री. मामांनी आयुष्यात औषधाचं दुसरं कुठलं शास्त्र पाहिलेलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये प्रत्येक औषधापुढे इंग्रजीत एक अक्षर छापलेलं असतं. औषध लागू पडत असेल तर एस, नसेल तर आर. मामांना इंग्रजी अक्षरं येतात. एस फॉर सकाळ, आर फॉर रात्र!

मी खुर्चीत बसून हसत सुटले, इतकी की मॅडम उठून आल्या. दुकानदाराने फोन मामांकडे दिला होता. मामा तापलेले होते. "सूनबाई, ह्यो मानूस औषद देत न्हाय! डाक्टराची वाट बघत बसलो तर तिचा अंगठा जाईल. रातच्याला नऊ म्हंजी जरा जास्त हायती, पर मी सवता बसून एकेक दीन तिला. आन् दुपारचं एकबी न्हाय, ते एक बरं हाय."

हसता हसता मी थांबले. हा माणूस ऑफिसातून मुलगा येईपर्यंत थांबू शकला नव्हता. त्याने रिपोर्टची छापील प्रत काढून आणली होती, जवळचे होते नव्हते ते पैसे खिशात घातले होते आणि बारा औषधं आणायला चालत निघाला होता. मी म्हटलं, "मामा, तिथेच थांबा. काही घेऊ नका. मी येते."

संध्याकाळी आम्ही सगळे स्वयंपाकघरातल्या टेबलाभोवती बसलो. नवरा सर्जनकडे जाऊन आला होता. तीनपैकी एक औषध शिरेतून दहा दिवस द्यायचं ठरलं होतं, उद्यापासून सुरू. आत्या हात उशीवर ठेवून बसल्या होत्या. मी मामांना समजावलं, "एस म्हणजे या औषधाला जंतू दाद देतो. आर म्हणजे दाद देत नाही. कितीही द्या, त्याला काही होत नाही."

मामांनी कागद पुन्हा वाचायला घेतला. बोट एकेका नावावरून खाली सरकत होतं. एका नावावर थांबलं. मग दुसऱ्या. ते उठले, बाहेर गेले आणि बिस्किटांचा डबा घेऊन आले. चष्मा पुसला. डब्यातून एकेक खोकं काढून त्यावरची बारीक अक्षरं ते कागदाशी ताडून बघू लागले. शेवटी 'सिलिन', शेवटी 'मायसिन', 'सिलिन', पुन्हा 'मायसिन'. जुळलेलं खोकं ते डाव्या बाजूला ठेवायचे. नऊपैकी सात औषधं डाव्या बाजूला जमली. निळं खोकं सगळ्यात शेवटी.

मग मी पर्समधून दुसरा कागद काढला आणि पहिल्याशेजारी ठेवला. मामांनी तोही बोटाने वाचला. आर, आर, एस, आर. जिथल्या तिथे. "ह्यो कुनाचा?" त्यांनी विचारलं.

"चांदवालीचा."

मामांचं बोट कागदावर तसंच राहिलं. मला वाटलं आता ओरडतील, लॅबला शिव्या घालतील, मला घालतील. ते फार हळू बोलले. "आर्धीमुर्धी ट्यूब द्यायची, सूज उतरली की बंद करायची. म्हंजी म्या त्याला मारत न्हवतो. शिकवीत व्हतो."

आत्या उशीवरचा हात न हलवता म्हणाल्या, "चला, तुमच्या हाताखाली कुनीतरी शिकलं म्हनायचं."

नवऱ्याला आधी हसू फुटलं, मग मला. आत्यासुद्धा हसल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी डबा बंद केला आणि माझ्यासमोर सरकवला. मी तो दुसऱ्या दिवशी जनावरांच्या डॉक्टरांच्या ताब्यात दिला. त्यांनी आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही दुकान बंद केलंत का?"

पुढचे दहा दिवस आमच्या घरात जी गंमत झाली ती कुणी काचेच्या इमारतीतून पाहिली असेल तर त्यांचं काम नक्कीच बुडालं असेल. आत्यांना गोठ्यात हात लावायची बंदी. चांदवाली मामांना पान्हा सोडेना, नवऱ्याला तर ती जवळच येऊ देईना. ज्या म्हशीची कास आजारी आहे तिची तर ती दिवसातून अनेकदा रिकामी करायला हवी. शेवटी पेठेतली सून बसली. जनावरांच्या डॉक्टरांनी मला अंगठा न दुमडता पूर्ण मुठीने पिळायला शिकवलं. त्याने सडाला इजा होत नाही आणि माणसाच्या सांध्यालाही नाही. आत्या पलीकडे पालथ्या बादलीवर बसून म्हशीशी बोलायच्या, म्हणजे तिला वाटावं आत्याच पिळतायत. म्हशीशी गोड बोलायच्या आणि मधूनमधून माझ्याशी. दोघींशी बोलण्याच्या आवाजात जो फरक होता तो मी इथे लिहीत नाही.

"अगं, पिळतीयास का तिला गुदगुल्या करतीयास?"

तिसऱ्या दिवशी म्हशीने कान हलवले, अंग सैल सोडलं आणि कास एकदम भरून आली. बादलीत धार वाजली. मी आनंदाने ओरडले, "आत्या, सोडला! पान्हा सोडला!" त्या ओरडण्याने म्हैस दचकली आणि बादली पालथी झाली. आत्या म्हणाल्या, "बरं झालं. वतायचंच व्हतं."

ते दूध ओतायचंच होतं, हे खरं. डॉक्टरांनी चांदवालीला तिच्या रिपोर्टप्रमाणे औषध सुरू केलं होतं आणि सांगितलं होतं की इतके दिवस हिचं दूध गिऱ्हाइकाला नाही, घरालाही नाही, रेडकालाही नाही. मामांनी मागे खड्डा खणला. दूध ओतायचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. रोज सकाळ-संध्याकाळ बादली घेऊन जायचे, ओतायचे आणि चुना टाकून परत यायचे. पहिले दोन दिवस ते तोंड फिरवून ओतायचे. नंतर नीट बघून ओतायला लागले.

मीही संधी साधून गोठ्यात माझं राज्य आणलं. आजारी म्हैस सगळ्यात शेवटी पिळायची. प्रत्येक म्हशीला वेगळं फडकं. पिळण्याआधी साबणाने हात, पिळल्यावर साबणाने हात, हाताला भेग असेल तर हातमोजा. आत्या म्हणाल्या, "तुमच्या पेठंतलं सोवळं आमच्या गोठ्यात आलं गं बाई." मी गोठ्याच्या दारावर पाटीच लावली: 'हात धुतल्याशिवाय म्हशीला हात लावू नये. म्हैस बोलत नाही, पण सून बोलते.' ती पाटी बघायला आयटीतली पोरं कुंपणापाशी यायला लागली. एकाने विचारलं, "अंकल, धिस इज सो कूल, आत येऊन फोटो काढू का?" मामा म्हणाले, "हात धू आधी."

मामा मात्र त्या दहा दिवसांत बदलले होते. आवाज खाली आला होता. रोज सकाळी इंजेक्शनला आत्यांसोबत तेच जायचे. हॉस्पिटलात आत्यांच्या शेजारी स्टुलावर बसून सलाईनचे थेंब मोजायचे. सल्ला विचारायला कुणी गोठेवाला आला की हात जोडून म्हणायचे, "डाक्टरला बोलवा. मला इचारू नका." आत्या त्यांना एका शब्दाने बोलल्या नव्हत्या आणि तेच त्यांना सोसत नव्हतं. एकदा गोठ्यात मला म्हणाले, "शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. चाळीस वर्सं देतीया, आन् आत्ता न्हाय."

पाचव्या दिवशी सूज मनगटावरून उतरली. आठव्या दिवशी पू थांबला. तरी सर्जन शेवटपर्यंत काही बोलले नाहीत. पट्टी निघेल तेव्हा सांध्याचं काय ते कळेल, एवढंच म्हणाले.

पट्टी काढायच्या दिवशी आम्ही चौघंही गेलो. आत्यांनी लग्नातली पैठणी सोडून दुसरी सगळ्यात चांगली साडी नेसली होती. मामा इस्त्रीच्या सदऱ्यात दाराशी उभे राहिले, आत येईनात. सर्जनने पट्टी उलगडली. अंगठा होता. बारीक झालेला, सालं निघालेला, घट्ट्याच्या जागी गुलाबी नवी कातडी, पण अख्खा. मी श्वास सोडला तो बहुधा चौकात ऐकू गेला असेल.

"आता अंगठा एकेका बोटाला लावून दाखवा," सर्जन म्हणाले.

आत्यांनी पहिल्या बोटाला लावला. मधल्या बोटाला. तिसऱ्याला लावताना ओठ दाबून धरले. दाराशी उभे मामा त्यांच्याबरोबर आपला अंगठा आपल्या बोटांना लावत होते, त्यांना ते कळतही नव्हतं. करंगळीपर्यंत अंगठा पोचला नाही.

"ते येईल हळूहळू," सर्जन म्हणाले. "ताकद बघू. हे घट्ट धरा." त्यांनी आपलं पेन पुढे केलं.

आत्यांनी पेनाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मामांच्या डोळ्यांतून पाणी मिशीवर उतरत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं. आत्या खुर्चीवरून उठल्या, तुरुतुरु चालत दारापाशी गेल्या आणि आम्हा सगळ्यांदेखत, ज्या नवऱ्याच्या शेजारी त्या चारचौघांत कधी नीट उभ्याही राहिल्या नव्हत्या, त्याचं मनगट त्या उजव्या हाताने पकडलं. मनगटावर अंगठा रुतलेला मला दिसला.

"घट हाय की न्हाय?" त्यांनी विचारलं.

मामांनी मान हलवली.

"मग चला घरी," आत्या म्हणाल्या, "म्हशी खोळंबल्यात." आणि मनगट न सोडता त्यांना जिन्याने खाली घेऊन गेल्या.